साहेबांच्या गाडीतला गारवा

आता स्वतःच्या तोंडाने कसं सांगू? पण चहा ओतलाच आहे, तर ऐका.

साठ-बासष्टची गोष्ट असेल. मी बंगलोरला एका कारखान्यात शीतयंत्रांचा इंजिनिअर. नलूला पाहून आलो होतो आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. तिचे वडील, दादा, मला पारखायला सोलापूरहून येणार होते. त्यांचा तिथे बर्फाचा कारखाना. म्हणजे परीक्षक नेमका माझ्याच विषयाचा.

आमचे साहेब परदेशी गेलेले, त्यांची एसीवाली गाडी माझ्या ताब्यात. म्हटलं, दादांना स्टेशनवरून हिच्यातूनच आणू.

मेकॅनिक अण्णा म्हणाला, "सार, गॅस स्वल्प कमी आहे. भरल्याशिवाय एसी लावू नका."

मी पहाटे एसी लावून समोर हात धरला. गारेगार. अण्णा मला शिकवतो काय? ती गार हवा एसीची नव्हती हो, मार्चमधल्या बंगलोरच्या पहाटेची होती. पण डोक्यात नलू, तिथे दुसरं काय शिरणार?

दादा उतरले भर दुपारी. काचा बंद, एसी सुरू, आणि मुद्दाम लालबागेवरून लांबचा रस्ता. बाहेर झाडांवरून जांभळी फुलं संथ गळत होती. मी तरंगत होतो.

दादांनी टोपी काढली. वाटलं, संकोच गेला. मग कोट काढला. म्हटलं, घरचेच झाले. शर्टाची दोन बटणं सोडली, तेव्हा तर मला अंतरपाटापलीकडे नलू दिसायला लागली. घाम मलाही फुटला होता, पण प्रेमात होत असेल असं.

"गारवा कसा वाटतो, दादा?"

"गॅस पुरेसा आहे ना?"

"तो माझा रोजचा विषय," मी म्हणालो.

तेवढ्यात बॉनेटखालून किंकाळी आली, जळका वास आला आणि गाडी थांबली. कंप्रेसर जाम. गॅस कमी असला की तेल नीट फिरत नाही, हे मीच कारखान्यात नव्या लोकांना शिकवत होतो. साहेबांना पुढे काय सांगितलं, ते विचारू नका.

दादांनी शांतपणे काच खाली केली. झुळूक आत आली, बरोबर दोन फुलंही. मी मान खाली घालून बसलो. नलू हातची गेली, या विचाराने रडूच यायचं बाकी होतं.

"मुलगी दिली," दादा म्हणाले.

मी मान वर केली.

"एवढे उकडून निघालात, पण गाडी बंद पडेपर्यंत तोंडावरचं हसू गेलं नाही. असा माणूस संसारात टिकतो. फक्त एक शब्द द्या."

"म्हणाल तो."

"माझ्या बर्फाच्या कारखान्यात पाऊल टाकायचं नाही."

दिवाळसणाला सोलापूरला गेलो, तर कारखान्याच्या फाटकाला नवंकोरं कुलूप. आणि किल्ली नलूच्या कमरेला.