मुंबईची चाल आणि स्टेशनचं घड्याळ

खालापूरच्या देवळात माझ्या सनईमागे एकच सूर अखंड धरणारे म्हातारे साथीदार, ज्यांना सगळा गाव बाबा म्हणतो, ते नसते, तर मी आज वाईला आईच्या दारात तोंड लपवून बसलो असतो. हे आधी लिहून ठेवतो. पुढची हकिकत मुंबईची आहे, आणि मुंबईचा विषय निघाला की मी चिडतो आणि उपकार राहून जातात.

मराठी तिसरीत शाळा सोडली आणि पुढे घाट उतरून इथे आलो तो देवळात सकाळ-संध्याकाळ सनई वाजवायला. राहायला देवळामागची खोली. काम गेलं की खोली गेली. या मुलखात माझं दुसरं कोणी नाही. देवळाचे मुख्य पंच वकीलसाहेब. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तसं त्यांनी मला बोलावलं.

"तुझं ते रडगाणं लग्नात नको. मुंबईत सध्या चालतं ते वाजलं पाहिजे. जा, शिकून ये. नाहीतर मुंबईचा बँडच आणतो. मग देवळात तरी तुझं काय काम?"

शिवाय फोर्टातल्या घड्याळजीकडे साफ करायला दिलेलं त्यांचं खिशातलं घड्याळही आणायचं होतं. ते मी पहिल्याच दिवशी घेऊन बंडीच्या आत बांधलं आणि गाणंबजावणं शोधत निघालो.

समुद्राकाठच्या मैदानात गोऱ्यांचा बँड चालला होता. गाल फुटेपर्यंत पितळी शिंगं फुंकत होते बिचारे. भोवती गाड्या लावून बसलेली बडी मंडळी एकमेकांच्या पगड्या आणि टोप्या न्याहाळत होती. वाजवणाऱ्यांकडे एकाचं तोंड असेल तर शपथ. नाटकगृहाच्या बाहेर भिंतीला कान लावला. आत गाणं संपलं की लोक "वन्समोर" म्हणून ओरडत आणि गाणारा पुन्हा तेच गाई. पहिल्यांदा नीट ऐकलं असतं तर ही पाळी कशाला आली असती?

बाजार तर त्याहून थोर. भुलेश्वरापासून काळबादेवीपर्यंत दुकानाला दुकान चिकटलेलं. दिव्यांच्या विलायती काचा, चिनी मातीच्या बाहुल्या, न फुलणारी कापडी फुलं. "या शेट, या," म्हणून हात धरायचे आणि माझं धोतर दिसलं की हात सोडायचे.

चाल मिळाली ती अखेर बाजाच्या पेटीच्या दुकानात. दुकानदार एका हाताने भाता हलवी, दुसऱ्याने पट्ट्या दाबी आणि येईल त्या गिऱ्हाइकाला तीच एक चाल ऐकवी. दुडकत धावणाऱ्या तट्टासारखी चाल. मी पायरीशी उभा राहून पाठ केली.

"घ्यायची आहे काय पेटी?"

"ऐकतोय."

"मग पुढे जाऊन ऐक."

तिसऱ्या दिवशी गाडीत चाल गुणगुणत बसलो, विसरू नये म्हणून. घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागते हे मला कोण सांगणार? कर्जतला उतरून पाहतो तो काटे उभे. एका हमालाने किल्ली दिली, स्टेशनच्या मोठ्या घड्याळाला काटे जुळवले. मी सुटलो असं समजून खालापूरची वाट धरली.

घड्याळ वकीलसाहेबांच्या हाती दिलं आणि बाबांना चाल ऐकवली.

"अरं, ह्यात दम कुटं घ्यायचा?"

"मुंबईत घेत नाहीत, बाबा."

"मंग मरत कशे नाय?"

"सवड नसते त्यांना."

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला होता, मंगलाष्टकं चालली होती. भटजींच्या शेजारी घंगाळात भोकाची तांब्याची वाटी तरंगत होती; ती भरून बुडाली की मुहूर्त. एवढ्यात व्याह्यांच्या सरबराईतून मोकळे झालेल्या वकीलसाहेबांनी घड्याळ काढलं आणि किंचाळलेच.

"भटजी, वेळ केव्हाच टळली! वाजवा रे, वाजवा!"

"वाटी बुडायची आहे, साहेब."

"विलायती घड्याळ खोटं आणि तुमची वाटी खरी? ए सनईवाल्या, वाजव!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आगगाडी मद्रासच्या वेळेने चालते. स्टेशनचं घड्याळ गावच्या वेळेच्या अर्धा तास पुढे. मी वाजवलं असतं तर अंतरपाट मुहूर्ताआधी खाली आला असता आणि त्या पोरीला जन्मभर बोल लागला असता. खरं सांगितलं असतं तर माझं काम गेलं असतं. मी मागे वळून एवढंच पुटपुटलो, "बाबा, घड्याळ पुढं आहे. माझी चूक."

सूर लागल्याशिवाय सनई उठत नाही, हा आमचा रिवाज. बाबा खोकायला लागले.

"मालक, दम लागला. सूर धरवंना."

अख्खी सकाळ एका दमात सूर धरणारा माणूस मांडवात वाकून खोकत होता. कचेरीतले कारकून हसले. "लग्न आधी लागतंय का म्हातारा आधी जातोय?" बाबा खोकतच राहिले. मग वाटी डुबकन बुडाली, भटजींनी हात वर केला, आणि बाबांचा खोकला तिथल्या तिथे थांबला.

दोन दिवस मुंबई तुडवून आणलेली चाल अक्षता आणि आरडाओरडा यांत कोणाला ऐकूही आली नाही. वकीलसाहेब मात्र मान डोलावून म्हणाले, "अगदी मुंबई!"

आठ दिवसांत त्यांनी बाबांना देवळातून काढलं. दम संपला म्हणे. आता चौक गावचा एक जण माझ्यामागे बसतो. त्याचा सूर मधेच तुटतो. बाबा संध्याकाळी पायरीवर येऊन ऐकतात. घड्याळाचं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मीही अजून सांगितलेलं नाही.

उभ्या जन्मात बाबांनी दुसऱ्याच्या चालीमागे नुसता सूर धरला. पण वकीलसाहेबांसमोर उभं राहण्याइतकी छाती झाली की मी स्टेशनच्या घड्याळाची गोष्ट त्यांच्या तोंडावर सांगेन. बाबांना देवळात परत आणीन. त्या दिवशी सनई त्यांच्या हाती देईन आणि मागे बसून सूर मी धरीन.