पिशवी

मोठ्या नणंदेचा विषय निघाला की अजून माझं तोंड कडू होतं.

माझी मुलगी तेव्हा सैन्यात होती. पळण्याच्या सरावात चक्कर येऊन पडली. बेर्शेबाच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी जन्मापासून भलत्याच जागेहून निघाली आहे आणि मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीत दबून जाते आहे. पुन्हा अशी पळाली तर जागच्या जागी जाईल. छाती उघडायची, अल्ट्रासाउंडची दांडी निर्जंतुक पिशवीत घालून थेट हृदयावर टेकवायची, धमनी भिंतीत कुठवर अडकलीय ते पडद्यावर पाहायचं आणि तेवढाच भाग कापून वाट मोकळी करायची, असं ठरलं. ऑपरेशन तेल अविवला होतं.

आपलं माणूस म्हणून ओफाकिम गावी राहणाऱ्या नणंदेला फोन केला. दांडीबिंडी तिला कळायची नाही म्हणून सोपं करून म्हटलं, "पिशवीतनं अल्ट्रासाउंड करतात. पिशवी अगदी साफ केलेली असते, काळजी नको." झालं! बिनलग्नाची पोर, चक्कर, अल्ट्रासाउंड, पिशवी साफ. तिच्या घरी अल्ट्रासाउंड व्हायचा तो सुनांच्या पोटांचा. हृदयाचं सांगितलं, ते बाईनं निमित्तच धरलं.

ऑपरेशनच्या दिवशी ती डब्यात चपात्या घेऊन आली. माझ्याजवळ सरकून हळूच विचारलं, "कितवा महिना होता गो?"

मला आधी कळेचना.

"माझ्यापासून कशाला लपवतेस? हार्टचं निमित्त बरं काढलंस. शब्बाथला सिनेगॉगमधल्या बायकांना मी सांभाळून घेतलं. म्हटलं, मिस्टेक झाली पोरीची."

आत माझ्या लेकराची छाती उघडी पडली होती आणि ही बाई चपातीचे तुकडे मोडत महिने मोजत होती. मला शिसारी आली. तिचं चघळणं, तेलकट बोटं, तो दबका प्रेमळ आवाज, काहीच सोसवेना. दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. पण ऑपरेशनच्या खोलीचं दार कोणत्याही क्षणी उघडलं असतं, म्हणून दाताखाली जीभ धरून बसले.

दार उघडलं. डॉक्टर हिब्रूत म्हणाले, धमनी मोकळी केली, पुन्हा अल्ट्रासाउंड लावून पाहिला, रक्त नीट वाहतंय. मी त्यांचे हात धरून रडले.

नणंदेला हिब्रू धड कळत नाही; तिनं माझा दंड ओढला. "काय म्हणतो? निघालं ना सगळं?"

पोर घरी आल्यावर आम्हा मराठी ज्यूंच्या रीतीनं नवस केलेला मलिदा केला. एलियाहू हन्नावी प्रेषिताचं नाव घेऊन झालं, गोड पोह्यांच्या बशा फिरल्या. नणंद नव्या साडीत आली होती. ती पोरीशेजारी बसली, तिच्या पोटावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "जाऊ दे गो. लग्नानंतर होतील पुष्कळ."

घरात मराठीला हिब्रूत उत्तर देणारी माझी मुलगी. तिनं शर्टाची वरची बटणं सोडली, आत्याचा हात पोटावरून उचलला आणि छातीवरच्या ताज्या व्रणावर दाबून धरला.

"दोदा," ती आत्याला मोडक्या मराठीत म्हणाली, "पिशवी इथे होती."

त्या हाताखाली माझ्या मुलीचं हृदय धडधडत असणार. नणंदेनं "ई!" करून हात ओढून घेतला आणि पदराला पुसला.

मी तिच्यापुढची मलिद्याची बशी उचलून आत नेली.