देवाखालचा संगणक

हूवेई गावात ल्याव स्वी-झ्वान यांच्या घरी संगणक होता, पण बाहेरून आलेल्या माणसाला तो अर्धाच दिसे. मॉनिटर खिडकीशी छोट्या टेबलावर होता. सीपीयूचे खोके मात्र देवाच्या उंच मेजाखाली सरकवलेले होते, आणि मेजाच्या पुढच्या बाजूने जरीची लाल झालर जमिनीपर्यंत सोडलेली होती. वर नटांचा रक्षणकर्ता देव, पुढ्यात राखेने भरलेले उदपात्र. त्या पात्रातली उदबत्ती विझलेली मी कधी पाहिली नव्हती.

बाहुल्यांच्या खेळातले लोक त्यांना झ्वान-साय म्हणत. ‘साय’ म्हणजे उस्ताद. हातात चढवायच्या बाहुल्यांचा खेळ त्यांनी जन्मभर केला आणि राजा, चोर, विधवा, राक्षस हे सगळे एकट्याच्या गळ्यातून बोलते केले. घशावरच्या शस्त्रक्रियेत तो गळा गेला. उरली ती कुजबुज, आणि तीही वाक्याच्या मध्यात संपणारी. म्हणून ते बोटांनी बोलत आणि त्यांच्या पत्नी, ग्योक-हाम मावशी, त्याचा अर्थ सांगत. तो अर्थ पुष्कळदा मुद्दाम चुकीचा असे.

आवाज गेल्यावरही खेळ थांबायचे कारण नव्हते. ध्वनिमुद्रित संवादांवर बाहुल्या नाचवणारी मंडळे आमच्या भागात पुष्कळ आहेत. झ्वान-साय यांच्या भरात असलेल्या आवाजातले ‘लोहमुख सेनापती’ हे नाटक एका कॅसेटवर शिल्लक होते. जत्रेच्या खेळासाठी देवळाच्या समितीने त्यांना विचारले होते, आणि दुसऱ्या कोणाच्या आवाजावर बाहुली उचलायची नाही हे त्यांचे ठरलेले होते. परंतु ती कॅसेट एकदा तुटून जोडलेली होती. खेळात संवाद अधूनमधून थांबवावे लागत, आणि कॅसेट थांबवून पुन्हा सुरू केली की जोडाला हिसका बसे. ती न थांबवता एकदाच वाजवून संगणकात उतरवून घेणे हाच मार्ग होता. मी काम करत होते त्या ध्वनिसंग्रहातले यंत्र बाहेर न्यायला परवानगी नव्हती. आणि झ्वान-साय कॅसेट घराबाहेर जाऊ देत नव्हते, कारण पूर्वी एका मंडळाने त्यांची दुसरी कॅसेट नेली आणि वर गाणी भरून परत केली.

अडचण एवढीच होती, की संगणक आपोआप बंद पडत होता. सूचना नाही, आवाज नाही; मॉनिटर काळा होई आणि तोवर उतरलेले सगळे जाई.

“तूच बघ पोरी,” मावशी भुईमुगाच्या शेंगा सोलत म्हणाल्या. “सेनापती मरायला आला की हा मरतो. त्या सेनापतीलाच मरायचं नाहीये.”

झ्वान-साय यांनी दोन बोटे हवेत उलटी केली.

“काय म्हणतात?” मी विचारले.

“म्हणतात, बायको गप्प बसली तर कॉम्प्युटर चालेल.”

त्यांनी जोराने मान हलवली.

“मग तसंच काहीतरी,” मावशी म्हणाल्या.

सेनापतीवरचा आळ तपासून पाहणे सोपे होते. मी कॅसेट बाजूला ठेवली आणि संगणकावर साधी गाणी उतरवत ठेवली. जवळपास तेवढाच वेळ गेल्यावर तो बंद पडला. सेनापती सुटला. मग एक्स्टेंशन बोर्ड बदलला, पलंगाजवळचे सॉकेट वापरले. संगणकाच्या नोंदीत पाहावे, तर वीज अनपेक्षितपणे खंडित झाली एवढेच लिहिलेले. म्हणजे आम्हाला होती तेवढीच माहिती त्यालाही होती. मावशींचा भाचा आ-क्यात वीजजोडणीची कामे करी. त्याने आपल्या दुकानातला चांगला एसएमपीएस, म्हणजे आतली वीज पुरवणारी पेटी, बसवून पाहिला. फरक नाही.

“घरच बदला,” आ-क्यात म्हणाला.

त्याच्या थट्टेत थोडे तथ्य निघाले. सीपीयू मी आमच्या कचेरीत नेला, तिथे तो दिवसभर चालला. घरी आणून जागेवर ठेवला आणि तो पुन्हा बंद पडू लागला.

झ्वान-साय अस्वस्थ झाले. ते खुर्चीत टेकत, उठत, झालरीपाशी जात, परत फिरत. त्यांनी देवापुढे लाकडी ठोकळ्यांची जोडी टाकून कौल मागितला. दोन्ही ठोकळे सपाट बाजू वर करून पडले. त्याचा अर्थ देव हसला, उत्तर दिले नाही. मग त्यांनी उदबत्त्या वाढवल्या. संगणक बंद पडला की आणखी एक; एकीच्या तीन झाल्या, तिनांची जुडी झाली.

समितीच्या अध्यक्षांचा फोन मावशींनी घेतला.

“ते विचारतात, शुक्रवारपर्यंत नक्की सांगता का. नाहीतर पडदा लावून सिनेमा दाखवू म्हणतात.”

झ्वान-साय यांनी संगणक पुन्हा सुरू करण्याची खूण केली. मावशींनी झालर उचलली, आत हात घातला आणि तोंड फिरवले.

“भाताच्या भांड्याचं झाकण काढल्यासारखी वाफ मारतो मेला.”

“रोजच?” मी विचारले.

“मग. काम करणारा तापणारच. हे माझं माकड बघ, काही करत नाही तर कसं गार आहे.”

आमच्या भागात जुन्या बायका नवऱ्याला म्हातारं माकड म्हणतात. झ्वान-साय यांनी तिकडे लक्षही दिले नाही. ते माझ्याकडे पाहत होते, कारण मी झालर वर करून खोके बाहेर ओढायला लागले होते.

आ-क्यातने स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडला. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांची जाळी असते, तिच्यातून हवा जावी म्हणून. ती जाळी दिसतच नव्हती. तिथे तपकिरी, चिकट, नमद्यासारखा थर होता आणि त्याला चंदनाचा वास होता. यंत्र ठरावीक मर्यादेपलीकडे तापले की स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. आमच्या कचेरीत गारवा होता, झालर नव्हती आणि देवही नव्हता.

मावशी वाकून पाहत राहिल्या. मग हसू आवरत म्हणाल्या, “तुझी सगळी प्रार्थना इथेच अडकली होती, माकडा. वर पोचलीच नाही.”

झ्वान-साय यांना ते लागले. ते उठून दारापर्यंत गेले, परत आले, आणि जो काही आवाज होता तो काढून म्हणाले, “आता... देवाला काय...”

“सांगायचं, याला श्वास घ्यायचाय.”

त्यांनी हात आडवा फिरवला: नाही. उदबत्तीशिवाय त्यांचा खेळ कधी सुरू झाला नव्हता.

मावशींनी शेंगांची परात बाजूला ठेवली. “तुला नळी लावून घरी आणलं ना, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, धूर नको. महिनाभर मी या खोलीत एक काडी पेटवली नाही. मागच्या अंगणात लावत होते, आभाळाखाली. तू झोपून होतास, तुला कळलं नाही. देवाने मला काय केलं? तुलाही काय केलं? तू उठून बसलास.”

झ्वान-साय यांनी दोन्ही हातांनी राखेचे पात्र उचलले. जड होते, आ-क्यात पुढे झाला, त्याला त्यांनी कोपराने बाजूला केले. पात्र अंगणात गेले.

आ-क्यातने ब्रश आणि ब्लोअरने जाळी साफ केली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावला. खोके खिडकीशी स्टुलावर आले. झालर घडी करून कपाटात गेली. कॅसेट सुरू झाली आणि खोलीत तो गळा बोलू लागला, ज्याच्यापुढे माझ्या लहानपणी सगळे गाव मांडी घालून बसे.

कोणी बसले नाही. मावशी शेंगा सोलायच्या विसरल्या. झ्वान-साय यांचा डावा हात सीपीयूच्या पत्र्यावर होता, ताप पाहत. उजवा हात हवेत रिकामाच सेनापतीला चालवत होता. जोड आला, आवाज किंचित थरथरला, पुढे गेला. सेनापती पडला. खलनायक हसला. मॉनिटर उजळलेलाच होता. शेवटचा घंटानाद झाल्यावर मी ते सगळे साठवले, पेन ड्राइव्हवर एक प्रत घेतली, आणि मावशींनी समितीला फोन लावला.

जत्रेच्या दिवशी ट्रकवरचा रंगमंच देवळासमोर लागला. उदबत्ती होतीच, मावशींनी ती वाऱ्याची दिशा पाहून ट्रकच्या दुसऱ्या टोकाला, पेन ड्राइव्ह वाजवणाऱ्या यंत्रापासून दूर लावली होती. खेळ रंगला. सेनापतीच्या मरणाचा प्रवेश आला तशी झ्वान-साय यांची मान बाहुल्यांवरून त्या यंत्राकडे वळली. त्याचा हिरवा दिवा जळत होता.

“तिकडे काय बघतोस,” मागे झांज धरून बसलेल्या मावशी म्हणाल्या. “मरायचं काम सेनापतीचं आहे.”

त्यांनी मान फिरवली, मनगट झुकवले, आणि सेनापती पडला.