मलमने वाजवून दाखवलेली भिंत

मलम पावणेपाचला उठायचा. हजेरी आठची, तरी पावणेपाच. तक्रार करणारा माणूस कामावर जायच्या आत घरी गाठावा लागतो. एकदा तो ऑफिसात पोहोचला आणि चार जणांना सांगून बसला, की संध्याकाळी तीच तक्रार चौपट होऊन घरी येते, असं तो म्हणायचा.

आमचा मालक जुन्या घरांची कामं घ्यायचा. बाथरूम नवीन करून देणे, स्वयंपाकघराचा ओटा बदलणे, असली. मी टाइल्स बसवायचो. मलमही आधी टाइल्सच बसवायचा, माझ्यापेक्षा सरळ. गुडघे गेले तेव्हा मालकाने त्याला उभ्याने करायचं काम दिलं, गिऱ्हाईकांच्या तक्रारी मिटवायचं. 'जरा मलम लावून ये' हे मालकाचं वाक्य दिवसातून इतक्यांदा ऐकू यायचं, की तेच त्याचं नाव पडलं. त्याची बायको, आमची वहिनी, तीसुद्धा फोनवर 'आमचे मलम आहेत का तिथे?' असं विचारायची.

त्याची पद्धत ठरलेली. दारात बूट काढायचे. आधी प्यायला पाणी मागायचं. "पाणी दिलं की आपण पाहुणे झालो," तो मला म्हणाला होता, "पाहुण्यावर ओरडायला जीभ रेटत नाही." मग दहा मिनिटं नुसतं ऐकायचं, मध्ये तोंड उघडायचं नाही. मग पिशवीतून स्पंज आणि पांढऱ्या सिमेंटचा डबा काढायचा. बऱ्याच तक्रारी खरोखर तेवढ्याच असतात. सांधा भरला, नळाचा वायसर बदलला, दाराची कड घासली, की झालं. जिथे तेवढ्याने भागत नसे, तिथे मलमची जीभ कामाला यायची. शेवटी 'तक्रार मिटली' असं छापलेल्या कागदावर सही.

आता त्या बाथरूमबद्दल.

घर तिसऱ्या मजल्यावरचं. बाई घरी शिवणकाम करायची. नवरा बस चालवायचा, निवृत्त झालेला. डाव्या अंगावरून वारं गेलं होतं, पण काठी घेऊन चालायचा. त्याला स्वतःच्या हाताने आंघोळ करता यावी, म्हणून बाईने बाथरूम नवीन करून घेतलं. भिंतीला धरायला स्टीलचा दांडा, खाली न घसरणारी फरशी. दांड्याची जागा तिने स्वतः नवऱ्याला उभं करून खडूने आखून दिली होती.

भिंत ओळंब्यात नव्हती. वर आणि खाली बोटभर फरक. अशा भिंतीला आधी गिलावा करून सरळ करायची, दोन दिवस वाळू द्यायची, मग टाइलच्या सबंध पाठीवर माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट, पसरून ती दाबून बसवायची. मालकाने मला एकूण दोन दिवस दिले होते. मी पाच गोळ्यांचं काम केलं. म्हणजे चार कोपऱ्यांत चार गोळे मालाचे, मधे एक, आणि टाइल भिंतीला चिकटवून सरळ केली. वरून आरशासारखं दिसतं. आत सगळी हवा. दांडा बसवणाऱ्याचे स्क्रू त्या हवेतून जाऊन विटेत जेमतेम नखभर शिरले. हे मला दिसत होतं. मी सांधे भरत होतो, भरत राहिलो.

महिन्याने बाईची तक्रार आली. दांड्याजवळ भिंत पोकळ वाजते.

मंगळवारी सकाळी मलम गेला. मीही बरोबर होतो, त्याच इमारतीत दुसऱ्या घराचं माप घ्यायचं होतं. मलमने पाणी मागितलं, प्यायला, ऐकलं. मग बाई मागून येण्याआधी बाथरूममध्ये जाऊन बोटाच्या पेराने टाइल वाजवली. पहिलाच आवाज डब्यासारखा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. पाच गोळे कुठे असतात ते त्याला कुणी सांगायला नको होतं. बाई आत आली तोवर त्याचं बोट सरकलं होतं. कोपरा, कोपरा, मध्य. पुढची टाइल. कोपरा, कोपरा, मध्य.

"ऐका ताई. आहे कुठे पोकळ?"

"मी वाजवते तेव्हा वाजतं."

"तुमच्या बोटात अंगठी आहे. धातूचा आवाज वेगळा येतो."

दारात काठीवर उभा असलेला ड्रायव्हर हसला. "बघ, तुझ्या अंगठीचा दोष. आणि बिल मात्र मी भरलं."

"तुम्ही गप्प बसा हो." बाई मलमकडे वळली. "भाऊ, मला एवढंच सांगा. हे सगळा भार त्या दांड्यावर टाकतात. डावा पाय नाहीच म्हणायचा. चालेल ना?"

"बिनधास्त," मलम म्हणाला.

बाईने सही केली.

जिन्यात मलम दुसऱ्या मजल्यावर थांबला. "दांड्यामागच्या किती भरल्यास?"

"एकही नाही."

"एकही?"

"दोन दिवसांत काय काय भरू?"

"मग मला वर सांगायचं होतंस."

"बाईसमोर?"

"हो, बाईसमोर. मी तरी कुठे बोललो." तो पायरीवर बसला. गुडघ्यांमुळे तो जिन्यात कधी बसत नसे, उठता यायचं नाही म्हणून. मी हात देऊन उठवला.

दुपारी तो मालकाकडे गेला. भिंत फोडून पुन्हा करू, म्हणाला. मालकाने नाही म्हटलं नाही. तो फक्त म्हणाला, "त्याच इमारतीतली चार घरं आपल्याला कामं देतायत. रविवारी सह्या आहेत. आज तिथे भिंत फोडलीस तर आवाज चारही घरांत जाईल. सोमवारी फोड ना. सहा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

मलमने मला येऊन सांगितलं, "सोमवारी करू." मी म्हटलं, ठीक आहे. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या बाईला एक फोन करून 'सोमवारपर्यंत दांडा धरू देऊ नका' एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. तो नंबर मलमच्या कागदावर होता, आणि तो कागद आम्हा दोघांच्या मधे टेबलावर पडला होता.

शनिवारी सकाळी दांडा दोन टाइल्स घेऊन निघाला. ड्रायव्हर पाठीवर पडला. खुब्याचं हाड मोडलं.

सोमवारी आम्ही गेलो. ड्रायव्हर दवाखान्यात होता. बाई त्याचे कपडे न्यायला घरी आली होती. मलमने बूट काढले, पण पाणी मागितलं नाही.

"ताई, भिंत पोकळ होती. मला त्या दिवशीच कळलं होतं."

मी म्हणालो, "टाइल्स मी बसवल्या. पोकळ मी ठेवल्या."

बाईने आम्हाला बाथरूममध्ये नेलं. भिंतीत दोन टाइल्सएवढं भगदाड, आत विटेवर मालाचे वाळलेले गोळे, प्लास्टरचा पत्ता नाही. तिने बोटातली अंगठी काढून बेसिनवर ठेवली.

"वाजवा. त्या दिवशी वाजवलं तसं."

मलमने वाजवलं. कोपरा, कोपरा, मध्य.

"आता खरं वाजवा."

त्याने वाजवलं. रिकाम्या डब्यासारखी सगळी भिंत वाजत गेली. तो शेवटच्या टाइलपर्यंत वाजवत राहिला, तिने थांबवलं नाही.

"मीपण हातानेच काम करते," बाई म्हणाली. "कपड्याची उसवलेली बाजू मुठीत धरून चांगली बाजू गिऱ्हाईकापुढे कशी करायची, ते मलाही येतं. चाळीस वर्षांत केलं नाही."

आम्ही दोघं मान खाली घालून उभे. मी काहीतरी म्हणालो, माफ करा किंवा तसलंच. तिने ऐकलं नाही की ऐकून सोडलं, कळलं नाही. ती कपड्यांच्या घड्या घालायला गेली.

मालकाने भिंत पुन्हा करून दिली. 'गिऱ्हाईकाने दांडा भलताच ओढला' असं तो शेवटपर्यंत म्हणत होता. चार घरांची कामं गेली ती गेलीच. भिंत मीच केली. गिलावा, दोन दिवस वाळवण, सबंध पाठीला माल, एकेक टाइल दाबून. एकूण चार दिवस. पहिल्यांदा लागले असते तेवढेच. बाई रोज संध्याकाळी येऊन अंगठीने सगळी भिंत वाजवायची आणि काही न बोलता जायची.

ड्रायव्हर घरी आला तो चाकाच्या खुर्चीत. पुन्हा उभा राहिला नाही. नव्या दांड्याला त्याने कधी हात लावला नाही, लावायची वेळच आली नाही. बाईच्याने तो उचलवत नसे. मलम एकदा विचारायला गेला, मी सकाळी येऊन आंघोळ घालू का? तिने दारातूनच सांगितलं, "तुम्ही येऊ नका. तुमचं तोंड सकाळी सकाळी नको. माणूस पाठवा."

मलमने माणूस पाठवला. पूर्वी दवाखान्यात काम केलेला, हाताने मजबूत. तो रोज सातला जायचा, आंघोळ, दाढी, कपडे, आणि नाश्त्याला खुर्चीत बसवून निघायचा. त्याचा पगार मलमच्या पगारातून. वहिनी पहिल्या महिन्यात एवढंच म्हणाली, "तुमचं एक 'बिनधास्त' फार महाग पडलं हो." नंतर तिने विषय काढला नाही. त्यांनी घराची गच्ची गळत असून तशीच ठेवली.

मी दोन वर्षं अर्धा वाटा दिला. मग मुलीचं शिक्षण निघालं, मी म्हटलं पुढच्या महिन्यापासून देतो. मलमने कधी मागितलं नाही, आणि मी त्या न मागण्याचा फायदा घेतला. टाइल्स माझ्या होत्या. हे मी कामावरच्या कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितो आहे.

मलम तक्रारी मिटवत राहिला. पण नंतर तो भिंत वाजवायचा ती टाइलच्या पोकळ जागीच, गिऱ्हाईकासमोर. मालकाने दोनदा काढून टाकायची धमकी दिली. त्याच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं म्हणून टिकला.

ड्रायव्हर पुढे अकरा वर्षं जगला. मलम तो जायच्या आदल्या वर्षी निवृत्त झाला, शेवटचं वर्ष साठवलेल्यातून दिलं. बाकी लोकांनी पगारातून खोली बांधली, गाडी घेतली, लग्नं केली. मलमच्या पगारातून एका माणसाची अकरा वर्षं रोज सकाळी सात वाजता आंघोळ झाली.