फावडं घेतलेला माणूस

पाटावर पसरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर हिरव्या-काळ्या प्लास्टिकचे शंभरेक तुकडे, ते चिकटवायच्या गोंदाचा नाकाला झोंबणारा गोडसर दर्प, आणि दारातून आत येणारा कारखान्याच्या मळीचा आंबूस वास… नव्वदच्या दशकातली माझी आठवीची दिवाळी मला अजून या दोन वासांनीच आठवते. मी तेव्हा बारामतीला मामाकडे राहून शिकत होते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मामाने पुण्याहून वाफेच्या इंजिनाचा संच आणून दिला होता – इंजिन, त्यामागचा कोळशा-पाण्याचा डबा म्हणजे टेंडर, आणि इंजिनावर उभी करायची दोन माणसं: एक ड्रायव्हर आणि दुसरा, हातात फावडं घेतलेला, करंगळीच्या पेराएवढा फायरमन. सुट्टी लागताच तो खोका घेऊन मी इंदापूर तालुक्यात, कळंबला, घरी आले.

माझे वडील, तात्या, कारखान्याच्या उसाच्या वाघिणी ओढणाऱ्या इंजिनावर फायरमनच होते. भट्टीत कोळसा टाकायचा आणि वाफ धरून ठेवायची, हे त्यांचं काम. संचाबरोबरचा कागद इंग्रजीत होता. तात्यांना त्यातलं अक्षरही कळत नसे, पण आकृती मात्र माझ्याआधी कळे. चाकं बसवताना मी ती फिरवणारे दोन्ही बाजूंचे दांडे एकाच जागी आणले, तसा त्यांनी माझा हात धरला.

"दोनी दांडं एका टायमाला टोकाला गेलं तर इंजिन जाग्याव अडकतंय, पोरी. एक अडकला की दुसऱ्यानं वडायचं आसतं."

ओला गोंद पुसून आम्ही सगळी चाकं पुन्हा बसवली. टेंडरसाठी त्यांनी खरा कोळसा आणला, खलबत्त्यात कुटला, फडक्यातून चाळला… आई पुढे कितीतरी दिवस त्या खलबत्त्यावरून कुरकुरत होती.

इतक्या सुखाच्या त्या आठवड्यातच मी ते केलं. डॉक्टर-वकिलांच्या मुलींमध्ये बसता यावं म्हणून शाळेत मी सांगून ठेवलं होतं, की माझे वडील इंजिन चालवतात. इंजिनावर दोन माणसं दिसली असती तर कुणीतरी विचारलंच असतं – यातले तुझे वडील कोणते? तात्या कामावर गेले असताना मी फावडंवाला, तो ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून आला होता तिच्यातून, तोडून घेतला आणि कंपासपेटीत लपवला. संध्याकाळी सांगितलं, खोक्यात एकच माणूस निघाला.

तात्या ड्रायव्हरकडे बघत राहिले. "येकटा काय करंल ह्यो? वाफ कोन धरंल?" एवढंच म्हणाले.

प्रदर्शनाला ते येतील असं मला वाटलं नव्हतं. आले – धुवट पांढरा सदरा घालून, केसांना तेल लावून. माझ्या टेबलावरची पाटी, 'माझे वडील असे इंजिन चालवतात', ते अक्षर लावत लावत वाचत होते, तेवढ्यात बाई आल्या.

"म्हणजे तुम्हीच ड्रायव्हर का?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "व्हय बाई," म्हणाले, आणि भाजल्याच्या डागांचे दोन्ही हात पाठीमागे घेतले. त्यांना खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ते पहिल्यांदा बोलले ते माझ्यासाठी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं… आणि तरीही मी पाटी तशीच राहू दिली. बक्षीसही घेतलं.

एसटी स्टँडवर कळंबच्या गाडीची वाट बघत आम्ही शेंगा खात होतो. तात्या टरफलं हातात गोळा करत म्हणाले, "त्याला टाकू नगंस."

"कुणाला?"

"फावडंवाल्याला. रिकामी चौकट मी उचलून ठिवली हाय. तोडल्याली खूण दिसती तितं."

म्हणजे दिवाळीपासून त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही ते सदरा धुऊन आले होते. मला त्यांची माफी मागायची होती. गाडी लागली, ते खिडकीपाशी बसले, आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच – "नीट जावा."

ती माफी राहिली ती राहिलीच. घरं बदलताना इंजिन मोडलं, टेंडरमधला कोळसा कधी सांडला कळलंही नाही. कारखान्याचे रूळ उखडले गेले, तात्याही गेले. फावडंवाला मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. अधूनमधून त्याला तळहातावर घेते – पायाजवळची तोडल्याची खूण बोटाला अजून टोचते. त्याला जिथं उभं करायचं होतं, ते इंजिन आता माझ्याजवळ नाही.