गरम झाली की गप्प बसणारी गाडी

आमच्या जुन्या गाडीचं इंजिन गेलं, असं मी टिकटिक ऐकून स्वतःच ठरवलं आणि सिरसाळ्याच्या एका गिऱ्हाइकाला गाडी विकतो म्हणून शब्द देऊन बसलो. गाडी बायकोची. रोज शाळेत शिकवायला ती तीच घेऊन जाते. ती म्हणाली, "आधी मेकॅनिकला तर दाखवा."

धारूरहून बीडला दोन खेपा झाल्या. दोन्ही वेळा मेकॅनिकचाचांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, पण गाडी चूप.

"सकाळी चालू करताना वाजते का?" त्यांनी विचारलं.

"लई वाजते. घाटापर्यंत तापली की आवाज थांबतो."

"मग हे पैलेच कावून सांगितलं न्हाई?"

चाचांनी गाडी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं सकाळीच पोचलो. चाचांनी सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जोडतात तिथं साबणाचं पाणी टाकलं आणि थंड गाडी चालू केली. टिकटिक सुरू झाली आणि सांध्यातून बुडबुडे निघाले. आतलं पॅकिंग जळालं होतं, तिथून धूर फुसफुसत होता. तापल्यावर लोखंड फुगून फट बुजायची, म्हणून आवाज बंद.

"भाभी, इंजिनाला काही झालेलं न्हाई," चाचा म्हणाले. "पॅकिंग बदललं की झालं."

मी हळूच म्हणालो, "त्या गिऱ्हाइकाला आता काय सांगू?"

बायको म्हणाली, "सांगा, गाडी ठणठणीत हाय, विकणाऱ्याचंच डोकं गेलंय."