लाल दोऱ्याची वाटी

वत्सलावैनी गेल्या त्याला आता सहा आठवडे झाले. फोन आला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले असतील. कढईखाली जाळ होता आणि माझ्या हातात उलथणं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, एवढंच म्हणाला, "वत्सला गेली रे." खवा आटत आला की हात थांबवता येत नाही, जरा थांबलं की तळाला लागतो. फोन मानेनं खांद्यावर दाबून धरला आणि मी हलवत राहिलो. कढई उतरवली, मग खाली बसलो. नंतर सुनंदा, माझी बायको, म्हणाली, तुमच्या डोळ्यांत पाणी कसं नाही. पाणी यायच्या आधी मला दुसरंच काहीतरी वाटलं होतं. सुटल्यासारखं वाटलं होतं. आता कुणाला कळणार नाही, असं वाटलं होतं... ज्या बाईनं माझ्या लेकीचा जीव वाचवला, तिच्या मरणाच्या बातमीवर माझ्या मनात पहिल्यांदा हे आलं. त्याचीच इतकी भीती वाटली, की आज लिहायला बसलो आहे. चोवीस वर्षं जे बोललो नाही ते सांगायचं आहे.

आमचं गाव भूमपासून सात-आठ किलोमीटरवर. आमच्याकडं तीन पिढ्या खव्याची भट्टी. अशा घरात दूध ही संशय घ्यायची वस्तू नसते. कपड्यांना दुधाचा वास, उंबऱ्याला दुधाचा ओशटपणा, येणाऱ्याच्या हातावर पाण्याआधी खव्याचा गोळा. अश्विनी जन्मली तेव्हा आईनं सुनंदाला दूध उतरावं म्हणून दुधातली अळिवाची खीर, साखर घातलेला खवा, रात्रीचं पेलाभर म्हशीचं दूध असं सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात पोर पिऊन झाली की पाय पोटाशी ओढून रडायला लागली. नाकातोंडातून ओकायची. गाल खरखरीत, लाल. आई म्हणाली उष्णता आहे, घुटी दिली. शेजारच्या बायांनी दृष्ट काढली.

लंगोट धुवायचं काम वैनींकडं होतं. त्यांना स्वतःला मूल नव्हतं, आणि आमच्या घरात ही गोष्ट कुणी विसरू देत नव्हतं. एक दिवस त्यांनी मला मागच्या दारी बोलावलं. पत्र्यावर एक लंगोट पसरलेला. शेंबडासारखं काहीतरी, आणि त्यात लाल दोरे. "भाऊजी, हे बघा. कालबी व्हतं. म्या कुणाला बोलले न्हाय, म्हटलं आधी नीट बघावं." मी वाकून बघितलं. एवढ्याशा जिवाच्या आतून रक्त कुठून येतं, हे मला विचारायचं होतं, पण मी भट्टीवर परत गेलो.

मधे सुनंदाला ताप आला. सहा दिवस भाताच्या पेजेशिवाय तिच्या पोटात काही गेलं नाही. सहाव्या दिवशीचा लंगोट साफ. पोर गाढ झोपली. ताप उतरला, आईनं पुन्हा खीर सुरू केली, आणि दोन दिवसांनी लाल दोरे परत आले. हे फक्त वैनींच्या ध्यानात आलं. दोन लंगोट पिशवीत घालून, सुनंदाला आणि बाळाला घेऊन त्या एसटीनं तेव्हाच्या उस्मानाबादला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं गेल्या. मी भट्टी सोडून गेलो नाही, हेही इथं सांगितलं पाहिजे.

डॉक्टरांनी लंगोट बघितले, बाळाला तपासलं आणि विचारलं, आई काय खाते? वैनींनी यादी सांगितली. ते म्हणाले, नुसतं पचत नाही असं हे नाही, दुधातलं एक सत्त्व हिच्या शरीराला परकं वाटतंय, आणि ते आईच्या खाण्यातून अंगावरच्या दुधात उतरतंय. अंगावरचं दूध बिलकूल बंद करायचं नाही. आईनं दूध, दही, ताक, तूप, खवा, पेढा सगळं बंद करायचं, गोळ्या लिहून देतो त्या घ्यायच्या. शेळीचंही चालणार नाही. सहा महिन्यांनी वरचं सुरू कराल तेव्हा त्यातही दुधाचा थेंब नको. पुढं कधी देऊन बघायचं ते माझ्यासमोर, घरी नाही. बरीच मुलं यातून मोठी होता होता सुटतात, असंही त्यांनी सांगितलं. पण परत आल्यावर वैनी ते "घरी नाही" दोन-तीनदा म्हणाल्या. मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

त्या दिवसापासून वैनींनी घरात वेगळं घर केलं. सुनंदाची चूल वेगळी, भांडी वेगळी. बाळासाठी एक कडीची वाटी आणली, तिच्या कडीला लाल दोरा बांधला आणि खिळ्याला टांगली. ती वाटी दुसऱ्या भांड्यांत जायची नाही, धुवायची घासणीसुद्धा वेगळी. दारात साबण ठेवला. भट्टीवरून आलो की म्हणायच्या, "भाऊजी, लेकरू घ्यायचं तर आधी माणसावाणी धुऊन या. कढईच चालत आल्यावाणी वास येतोय." सुनंदाला एकटीला कोरा चहा नको वाटायचा म्हणून त्याही कोरा प्यायला लागल्या. आई ओट्यावरून ऐकवायची, "ज्यांनी लेकरू वाढवलं न्हाय त्यांनी मला शिकवावं व्हय? खव्याच्या घरात जन्मली अन् दूध चालंना म्हणं. उद्या म्हणतील पाणी चालंना." वैनी खाली मान घालून वाटी धुवत राहायच्या. महिन्याभरात अश्विनीचे गाल मऊ झाले. वजन वाढलं. सातव्या महिन्यात ती मऊ भात आणि वरणाचं पाणी खायला लागली, त्या लाल दोऱ्याच्या वाटीतून.

ती आठ महिन्यांची असताना आम्ही दुसरी भट्टी घातली. आमच्या घरची एक रीत आहे. नव्या भट्टीचा पहिला खवा घरातल्या सगळ्यांत लहान जिवाच्या जिभेला लावायचा. माझ्या जिभेला माझ्या वडिलांनी लावला होता. आई सकाळपासून म्हणत होती, "बोटभर तर लावायचाय. एवढ्यानं काय व्हतंय." खरं सांगतो, बोटभरानं काय होणार, असं मलाही वाटत होतं. शिवाय बाजारात लोक हसायचे, खवेवाल्याची पोरगी अन् दुधाला भिते म्हणून. आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. वैनी चुकीच्या ठराव्यात, असं मला वाटत होतं. पोर माझी, पण तिला हात लावायला मला साबण लागायचा आणि परवानगी त्यांची लागायची.

दुपारी पूजा झाली, पाहुणे जेवायला बसले. सुनंदा वाढत होती. बाळ झोळीत, झोळीपाशी वैनी. त्या पाण्याची घागर आणायला उठल्या, तेवढ्यात मी आत गेलो. करंगळीवर शेंगदाण्याएवढा खवा होता. पोरीनं तो चाखला, ओठ चाटले आणि माझ्याकडं बघून हसली. मी बाहेर येऊन पाहुण्यांच्या पंगतीत बसलो. माझ्या पानात दुसरी पोळी पडायच्या आत वैनींची हाक आली. तशी हाक मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकली नव्हती. आत गेलो तर पोरीचे ओठ सुजलेले, मानेवर, पोटावर मोठ्या मोठ्या गांधी उठलेल्या. ओकली, आणि मग रडायचीही थांबली. रडणं थांबलं तेव्हा खरी भीती वाटली. आवाज घोगरा, मान टाकलेली. वैनी तिला खांद्यावर घेऊन चपला न घालता पाहुण्यांच्या जीपकडं पळाल्या. सुनंदा मागून. मी पुढं बसलो, ड्रायव्हरशेजारी. सात-आठ किलोमीटर, आणि मी एकदाही मागं वळून बघितलं नाही. मागून फक्त वैनींचा आवाज येत होता, "श्वास घे बाई, श्वास घे..."

भूमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "काय दिलं होतं तोंडात?" मी समोर उभा होतो. माझ्या करंगळीला अजून ओशट लागत होतं. मी म्हणालो, "काही नाही." तेवढ्यात वैनी बोलल्या, "दूध गेलंय पोटात, डॉक्टर. तिला दूध चालत न्हाय, आधी मोठ्या डॉक्टरनं सांगितलंय. दुधाचंच धरून चला, थांबू नका." लगेच इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं पोरीनं डोळे उघडले, मग रडली. ते रडणं ऐकून मी बाहेरच्या पायरीवर जाऊन बसलो.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "तुला कसं ठावं दूध गेलं म्हणून? लेकरू तर तुझ्यापाशीच व्हतं." सगळं घर वैनींकडं बघत होतं. वैनींनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, वाट बघितल्यासारखं. त्यांच्या पदराच्या टोकाला खव्याचा पिवळसर डाग होता. बाळाच्या ओठावरचा त्यांनीच पुसला होता. मी तो डाग बघितला आणि जमिनीकडं बघायला लागलो... त्यानंतर आईनं त्यांना बाळाला हात लावू दिला नाही. बायकांत कुजबुज सुरू झाली, पोटी मूल नाही म्हणून दुसऱ्याचं बघवलं नाही, अशी. चार महिन्यांनी दादा आणि वैनी भूमला दोन खोल्यांत राहायला गेले. दादा एसटीत ड्रायव्हर होता, डेपो जवळ पडतो, असं सांगितलं गेलं.

अश्विनी चौथ्या वर्षी डॉक्टरांच्या समोर थेंबाथेंबानं दूध प्यायली आणि तिला काही झालं नाही. पुढं पेढे खाऊन मोठी झाली. आई वैनींबद्दलचा तोच समज घेऊन गेली. मी दर दिवाळीला वैनींकडं खव्याचा डबा घेऊन जायचो. त्या ठेवून घ्यायच्या, मला पोहे करायच्या, पोरीच्या शाळेचं विचारायच्या. त्या बोलायला तोंड उघडायच्या तेव्हा दर वेळी मला वाटायचं, आता तो विषय काढतील. निघताना पायऱ्या मी घाईनं उतरायचो.

यंदा अश्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ पंधरा दिवसांचं असताना मी वैनींना भेटायला गेलो. अंथरुणाला लागल्या होत्या, आवाज बारीक झाला होता. म्हणाल्या, "लंगोट बघता का रोज?"

"आता डायपर असतंय, वैनी."

"मग डायपर बघा. त्याला काय झालंय." थोडं हसल्या. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "दारात साबण ठेवा. अन् भाऊजी... धुतलेलं बोटसुदिक तोंडात घालू नका." मग त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मला त्या क्षणी बोलता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "चहा करू का, कोरा?" त्या हो म्हणाल्या. मी चहा केला, त्यांनी तो अर्धा प्यायला. ती शेवटची भेट.

दहाव्या दिवशी माणसं पांगल्यावर मी दादाला सगळं सांगितलं. तो खुर्चीच्या हातावर बोटं घासत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं, चुकून तिच्याच हातनं गेलं आसंल. म्या तिला कधी इचारलं न्हाय. वाटायचं, कशाला दुखवा." आणि पुढं, "म्या तिला माफ केलं व्हतं रे. चोवीस वर्सं. कशाबद्दल केलं म्या तिला माफ?" तो उठून आत गेला आणि ती वाटी घेऊन आला. त्यांच्या स्वयंपाकघरात ती खिळ्याला टांगलेली असायची, मी दर दिवाळीला बघायचो आणि नजर फिरवायचो. वाटी जुनी, कड चेपलेली. पण दोरा नवा होता, लालभडक. "बाळ झाल्याचं कळलं त्या दिवशी बांधला तिनं," दादा म्हणाला. "घेऊन जा. माझ्याकडं आता नको."

त्याच संध्याकाळी सुनंदाला आणि अश्विनीला सांगितलं. सुनंदा उठून आत गेली, ती अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. बाळ माझ्या मांडीवर होतं, ते अश्विनीनं उचलून घेतलं.

आता वाटी आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. बाळ अजून अंगावरच पितं, वाटीला वेळ आहे. अश्विनी रोज डायपर उजेडात नेऊन बघते, आणि तेवढा वेळ मी दाराशी श्वास धरून उभा राहतो. आजवर साफ आहे. भट्टीवरून आलो की दारातल्या साबणानं कोपरापर्यंत हात धुतो, नखं घासतो आणि हात पुढं करून उभा राहतो. बाळ द्यायच्या आधी अश्विनी माझी करंगळी उलटीसुलटी करून बघते, वास घेते. मग देते.